फळमाशीची मादी नर निवडते, पण त्याने तिची वीण सुधारते का?

निमिष
नमस्कार मंडळी. बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, छोटा प्रकल्प करायचाय. विषय ठरलाय: ड्रॉसोफिला मेलॅनोगॅस्टर, म्हणजे पिकलेल्या फळांवर घोंगावणारी बारकी फळमाशी, आणि तिची जोडीदार-निवड. माझं म्हणणं तसं सरळ आहे. मादीला निवडायला मिळालं तर ती चांगला नर निवडणार, नर चांगला म्हणजे संतती चांगली, म्हणजे निवड मिळालेल्या मादीची वीण जास्त. लिंडा पार्ट्रिज यांच्या १९८० च्या प्रयोगाबद्दल वाचलं, त्यातही असंच काहीसं निघालंय. तर आराखडा असा की पहिल्या गटात एका मादीसोबत एक नर, दुसऱ्यात एका मादीसोबत पाच नर, दहा दिवस तसंच ठेवायचं आणि रोजची अंडी मोजायची. पाचवाल्या गटात अंडी जास्त यायला हवीत.

सर म्हणाले ठीक आहे, करून बघ. पण जरा धाकधूक आहे, कारण मोठ्या आणि मादीला आवडणाऱ्या नरांमुळे मादीचं नुकसानच होतं असंही वाचनात आलं. दोन्ही एकदम कसं खरं असेल ते डोक्यात शिरत नाहीये. इथे कोणी माश्यांवर काम केलंय का?

टवाळ_टोळ
पाच नर, एक मादी, दहा दिवस, एक बाटली. ही निवड दिली म्हणायची की शिक्षा?

बाटलीतली_माशी
टोळभाऊंनी चेष्टेत नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलंय.

निमिष, तुझ्या दोन गटांत एक नाही, निदान तीन गोष्टी बदलतायत. पाच नर म्हणजे निवड आली हे मान्य, पण पाच नर म्हणजे पाच जणांचा पाठलागही आला. ती यीस्ट खायला बसली की हे मागे, अंडी घालायला पोट टेकवलं की हे मागे. मी तासन्‌तास व्हायलसमोर (माश्या ठेवायच्या छोट्या काचेच्या बाटलीसमोर) बसलेली आहे, विश्वास ठेव, नर थकत नाहीत. त्यात समागम वारंवार झाला तर मादीचं आयुष्य घटतं हे फाउलर आणि पार्ट्रिज यांनी १९८९ मध्ये दाखवलंय, आणि त्यामागे नराच्या वीर्यातल्या सहायक ग्रंथींचा स्राव आहे हे ट्रेसी चॅपमन आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये. तिसरी गोष्ट, पाच नर आपसातही झटापट करतात, तेव्हा शेवटी जो मादीपर्यंत पोचला तो तिला आवडला म्हणून की त्याने बाकीच्यांना हुसकलं म्हणून, हे तुझ्या आकड्यांतून कधीच कळणार नाही.

म्हणजे पाचवाल्या गटात अंडी कमी आली तर तू लिहिणार 'निवड घातक' आणि जास्त आली तर 'निवड फायद्याची', आणि दोन्ही वेळा मोजलेलं असेल वेगळंच काहीतरी.

आणि मुख्य म्हणजे पार्ट्रिजबाईंनी अंडी मोजलीच नव्हती. त्यांनी काही माद्यांना नरांच्या मोठ्या घोळक्यात सोडलं आणि काहींना चिठ्ठी टाकल्यासारखा कुठलातरी एक नर दिला, मग दोन्हींच्या अळ्या एका ठराविक म्युटंट (जनुकात बदल झालेल्या) वाणाच्या अळ्यांशी स्पर्धेत वाढवल्या. निवडीवाल्या अळ्या त्या स्पर्धेत थोड्या जास्त तगल्या. थोड्याच. मुद्दा अंड्यांच्या संख्येचा नव्हता, अळीच्या तग धरण्याचा होता.

वसुधा
मी विज्ञानाची नाही, नुसती वाचक. पण दोन-तीन मिलिमीटरची माशी निवडते म्हणजे करते काय? आणि नको असेल तर नाही कसं म्हणते?

बाटलीतली_माशी
वसुधाताई, छान प्रश्न, आणि हे बघायला खरंच मजा येते. नर आधी तिच्या दिशेने तोंड करून उभा राहतो, मग पुढच्या पायाने तिच्या पोटावर टपटप करतो. ती टपटप म्हणजे चव घेणं, पायावर चवीचे केस असतात आणि तिच्या अंगावरच्या मेणचट थरातून ती कोणत्या जातीची, नर की मादी, हे त्याला कळतं. मग एक पंख, एकच, आडवा पसरतो आणि थरथरवतो. हे त्याचं गाणं. आपल्या कानाला ऐकू येत नाही, पण मादी स्पृशिकेने ऐकते. गाण्यातले ठोके मेलॅनोगॅस्टरमध्ये साधारण ३५ मिलिसेकंदांच्या अंतराने येतात, जवळच्या सिम्युलन्स जातीत ते अंतर जास्त असतं. मादीच्या स्पृशिकेवरचा पिसासारखा भाग काढला तर तिला होकार द्यायला बराच जास्त वेळ लागतो, म्हणजे गाणं नुसतं शोभेचं नाही.

होकार म्हणजे ती चाल मंद करते, थांबते आणि पोटाच्या टोकाशी असलेल्या झडपा उघडते. नकाराचे प्रकार मात्र भरपूर. पळते, पंख फडकारते, मागच्या पायाने सरळ लाथ घालते, आणि आधीच समागम झालेली असेल तर अंडी घालायची नळी बाहेर काढून पोट त्याच्यापासून वळवते. ते एकदा भिंगाखाली बघितलं की विसरत नाही.

टवाळ_टोळ
लाथ घालते हे वाचून मादीबद्दलचा आदर दुणावला.

उलटतपासणी
थोडं उलट बोलू का. 'निवड' म्हणताना आपण माणसाचं डोकं माशीला चिकटवतोय. दोन नर ठेवले, एक यशस्वी झाला, की लगेच निष्कर्ष 'मादीने निवडला'. कशावरून? जो जास्त चिकाटीने मागे लागला, ज्याची पकड चांगली, तो जिंकला. मादीची भूमिका शून्य असली तरी आकडे तसेच दिसतील.

उदाहरण देतो. पिवळ्या अंगाचा यलो नावाचा म्युटंट असतो, त्याचे नर समागमात कायम मागे पडतात हे फार जुनं ज्ञान. मार्गारेट बास्टॉक यांनी १९५६ मध्ये त्यावर काम केलं आणि पिवळ्या नरांचं प्रणयाराधनच कमी पडतं, म्हणून माद्या भाळत नाहीत, अशी समजूत रूढ झाली. २०१९ मध्ये निघालं काय, तर नराच्या पुढच्या पायावर मादीला धरायला जो काळा कंगवा असतो, सेक्स कोंब म्हणतात त्याला, त्यात यलो जीन नसल्याने मेलॅनिन हे काळं रंगद्रव्य तयार होत नाही आणि त्यामुळे त्याला मादीवर नीट पकडच घेता येत नाही. म्हणजे साठेक वर्षं आपण आवडनिवड आवडनिवड करत होतो आणि भानगड पायातल्या कंगव्याची.

बाटलीतली_माशी
यलोचं उदाहरण फक्कड आहे आणि मी ते विद्यार्थ्यांना नेहमी सांगते. पण त्यावरून मादीची भूमिका शून्य ठरत नाही हो. झडपा तिने उघडल्याशिवाय प्रौढ मादीशी समागम जवळपास होतच नाही, आणि त्या उघडायला हुकूम देणाऱ्या चेतापेशींची जोडीसुद्धा आता सापडलीय, मेंदूतून खाली जाणारी. त्या पेशींना नराच्या गाण्याची खबरही मिळते आणि मादीचा आधी समागम झालाय का याचीही. दोन्हीचा मेळ बसला तर झडप उघडते. याला निर्णय म्हणायचं नसेल तर तुम्ही दुसरा शब्द द्या, मी वापरते.

एक अपवाद आहे आणि तो निमिषच्या कामाचा आहे. कोषातून नुकतीच बाहेर आलेली मादी, अंग मऊ, रंग फिकट, पंख अजून पुरते उलगडलेले नाहीत, तिला लाथ घालता येत नाही की पळता येत नाही. तिच्यावर नर जबरदस्ती करू शकतात आणि करतात. म्हणून व्हर्जिन माद्या गोळा करताना वेळ पाळायची, २५ अंश तापमानाला बाहेर पडल्यापासून आठ तासांच्या आत वेगळ्या करायच्या. ओळखायची खूण म्हणजे फिकट पोटात दिसणारा एक गडद हिरवट-काळा ठिपका, आतड्यात राहिलेला मळ. तो ठिपका दिसला की निर्धास्त उचल.

उलटतपासणी
ठीक आहे, झडप मान्य. पण 'होकार देते' आणि 'स्वतःच्या भल्याचा नर ओळखून होकार देते' यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. धाग्याचा प्रश्न दुसऱ्याचा आहे.

आकडेमोड
उशिरा आलो, धागा मस्त चाललाय. उलटतपासणी यांच्या शेवटच्या वाक्याला +१, आणि तिथूनच पुढे.

निमिष, तू 'वीण' म्हणतोस तेव्हा मोजणार काय? अंडी? अंड्यातून फुटलेल्या अळ्या? कोषातून बाहेर आलेल्या माश्या? की त्या माश्यांना पुढे झालेली पिल्लं? प्रत्येक पायरीला उत्तर बदलतं आणि तुझा गोंधळ तिथेच आहे.

मोठे नर बघ. माद्या साधारणपणे मोठ्या नरांशी जास्त आणि लवकर जुळतात. पण पिटनिक आणि गार्सिया-गोन्झालेस यांनी २००२ मध्ये दाखवलं की नर जितका मोठा तितकं मादीचं नुकसान जास्त, आणि २००३ मध्ये फ्रिबर्ग आणि आर्नक्विस्ट यांनी तर मथळ्यातच म्हटलं की पसंतीचे नर मादीला घातक. दुरून डोंगर साजरे. आता तू म्हणशील, ठीक आहे, तिची स्वतःची वीण घटली तरी मुलं तरी बापासारखी तगडी निघतील, नातवंडांत वसूल होईल. तर पिशेड्डा आणि चिपिंडेल यांचं २००६ चं काम वाच. तगड्या नरांच्या मुली विणीत कमी पडल्या, आणि मुलांना बापाचा म्हणावा तसा फायदा मिळाला नाही. जी जनुकं नराला नर म्हणून चांगली तीच मुलीच्या अंगात गेली की नडतात. यात एक्स गुणसूत्राचा मोठा हात आहे, कारण बापाचं एक्स फक्त मुलींना जातं, मुलाला मिळतं वाय. म्हणजे बापाच्या एक्सवर काही चांगलं असेल तर मुलाला त्यातलं काहीच नाही.

पण हे वाचून 'निवड फुकट' असंही ठरवू नकोस. अँडरसन, किम आणि गोवाटी यांनी २००७ मध्ये स्यूडोऑब्स्क्युरा नावाच्या दुसऱ्या फळमाशीवर काम केलं. नरानरांच्या मारामारीचा गोंधळ बाजूला ठेवून आधी कोणाला कोण आवडतं ते तपासलं, मग काहींना आवडीचा जोडीदार दिला, काहींना नावडता. नावडत्याच्या संततीत अंड्यापासून माशीपर्यंत तगण्याचं प्रमाण कमी. आणि गंमत म्हणजे हे माद्यांच्या आवडीपुरतं नव्हतं, नराला नावडती मादी दिली तरी तेच.

निमिष
बाप रे. मला वाटलं होतं हो किंवा नाही असं उत्तर येईल.

टवाळ_टोळ
या फोरमवर? हो किंवा नाही?

गुणसूत्र
निवडीचा विणीवर सगळ्यात ढळढळीत परिणाम कुठे दिसतो ते कोणी लिहिलंच नाही: जात चुकली तर. मेलॅनोगॅस्टरच्या मादीने सिम्युलन्सचा नर घेतला तर फक्त मुली जगतात, मुलगे अळीच्या अवस्थेतच मरतात, आणि त्या मुलीही वांझ. हे स्टर्टेव्हंट यांनी १९२० मध्येच नोंदवलंय. म्हणजे त्या मादीची नातवंडं शून्य. या दोन जाती एकाच फळावर बसतात, त्यामुळे गाण्यातला तो काही मिलिसेकंदांचा फरक आणि अंगावरचा वास ओळखणं ही चैन नाही, गरज आहे. बाकी मोठा की लहान, हे त्यापुढचे बारकावे.

आणखी एक. वॉल्बेकिया नावाचे जिवाणू पेशीच्या आत राहतात आणि आईकडून अंड्यात जातात. लागण झालेला नर आणि लागण नसलेली मादी अशी जोडी जमली तर बरीच अंडी फुटतच नाहीत. सिम्युलन्समध्ये हे जोरात, मेलॅनोगॅस्टरमध्ये सौम्य. निमिष, तुझ्या माश्या दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून आणणार असशील तर हे ध्यानात ठेव, नाहीतर 'नावडत्या नराची अंडी फुटली नाहीत' असं लिहून मोकळा होशील आणि कर्ता-करविता निघेल जिवाणू.

वसुधा
मला एक कळत नाहीये. एकदा समागम झाला की निवड संपली ना? की पुढेही काही असतं?

गुणसूत्र
वसुधाताई, खरी गंमत तर तिथून सुरू होते.

मेलॅनोगॅस्टरचा नर एका वेळी काही हजार शुक्राणू देतो, त्यातले काहीशेच मादी साठवते. साठवायला तिच्याकडे दोन प्रकारच्या जागा, एक लांब गुंडाळलेली नळी आणि दोन छत्रीच्या आकाराच्या पिशव्या. पुन्हा दुसऱ्या नराशी समागम झाला तर नव्याचे शुक्राणू आत शिरून जुन्यांना जागेवरून हलवतात, आणि हलवलेले जुने आणि उरलेले नवे ती काही वेळाने बाहेर टाकून देते. केव्हा टाकायचे यावर तिचा ताबा असतो. पिटनिक यांच्या प्रयोगशाळेने २०१० मध्ये एका नराच्या शुक्राणूंची डोकी लाल चमकणारी आणि दुसऱ्याची हिरवी चमकणारी अशी जनुकीय बदलाने करून घेतली, आणि मादीच्या पोटात लाल-हिरव्यांची ढकलाढकली प्रत्यक्ष बघितली. लवकर बाहेर टाकलं तर जुन्या नराचा वाटा जास्त राहतो, उशिरा टाकलं तर नव्याचा. एकूणात बहुतेक पिल्लं शेवटच्या नराची निघतात, पण किती, यात तिचा हात आहे. म्हणजे पहिल्या वेळी जो येईल तो घेतला आणि नंतर बरा मिळाला तर हिशोब बदलता येतो.

पण नरही काही कमी नाही. त्याच्या वीर्यात सेक्स पेप्टाइड नावाचं ३६ अमिनो आम्लांचं एक छोटं प्रथिन असतं, १९८८ मध्ये ओळखलं गेलं, आणि मादीतला त्याचा ग्राही, म्हणजे ते ओळखणारा रेणू, सापडला २००८ मध्ये. ते शुक्राणूच्या शेपटीला चिकटून साठवणीत जातं आणि थोडंथोडं सुटत राहतं. परिणाम दोन, अंडी भराभर आणि दुसऱ्या नराला नकार, साधारण आठवडाभर. वर ओव्ह्युलिन नावाचं दुसरं प्रथिन पहिल्याच दिवशी अंडी सोडायला लावतं, आणि सीव्हीए नावाचा वास तिच्या अंगाला लागतो, ज्याने पुढचे नर जरा लांब राहतात. आता सांगा, समागमानंतर ती भरपूर अंडी घालते ती नर आवडला म्हणून, की त्याने औषध पाजलं म्हणून?

उलटतपासणी
हेच! अंड्यांची संख्या हे तिच्या पसंतीचं माप धरूच नये. ते त्याच्या औषधाचं माप आहे.

आकडेमोड
अर्धं पटतं. औषध सगळेच पाजतात, पण अंडी तयार करायला लागणारं प्रथिन ती यीस्ट खाऊन मिळवते, त्यामुळे खाणं तोकडं असेल तर औषधाने तरी अंडी कुठून येणार. दोघांचा मिळून आकडा असतो तो. आणि औषध दोन्ही पक्षांना फायद्याचं असेलच असं नाही. विल्यम राइस यांनी १९९६ मध्ये चाळीसेक पिढ्या माद्यांना उत्क्रांत होऊच दिलं नाही, फक्त नर बदलत गेले. नर नर म्हणून सरस झाले आणि त्यांच्याशी समागम केलेल्या माद्या लवकर मरू लागल्या. मग १९९९ मध्ये हॉलंड आणि राइस यांनी उलट केलं, पिढ्यान्‌पिढ्या सक्तीचं एकपत्नीत्व, एक मादी एक नर, चिठ्ठी टाकून. तिथले नर मवाळ झाले आणि त्या गोतावळ्याची एकूण वीण वाढली. लक्षात घ्या, निवड काढून टाकली आणि वीण वाढली! निमिषच्या गृहीतकाच्या अगदी उलट. आवडीने घेतलेल्या नरांपेक्षा चिठ्ठीने दिलेले नर चांगले असा याचा अर्थ नाही. स्पर्धाच उरली नाही तेव्हा मादीला मारणारी हत्यारं बोथट झाली, इतकंच.

टवाळ_टोळ
अवांतर: शुक्राणूंचा विषय निघालाच आहे तर बायफर्का नावाच्या फळमाशीचा शुक्राणू ५.८ सेंटीमीटर लांब असतो. सेंटीमीटर!! मिलिमीटर नव्हे. नर स्वतः त्याच्या वीसाव्या हिश्शाएवढा. गुंडाळी करून ठेवतो म्हणे. मी आज कामावर हेच सांगत फिरतोय आणि लोक माझ्यापासून लांब बसायला लागलेत.

वसुधा
😂 टोळभाऊ, तुमच्या अंगाला पण तो सीव्हीए लागला वाटतं.

रात्रपाळी
अजून एक अवांतर. मादीने नाकारलेले नर दारू जास्त पितात हे खरंय. २०१२ चा प्रयोग आहे, समागम झालेले नर साधं खाणं पसंत करायचे आणि नाकारलेले अल्कोहोल घातलेलं. मेंदूतल्या एनपीएफ नावाच्या रेणूचं प्रमाण नकारानंतर घटतं, त्याची भरपाई म्हणे.

आणि मुद्द्याशी धरून सांगायचं तर माद्या एकमेकींची नक्कल करतात. एका नरावर गुलाबी पूड, दुसऱ्यावर हिरवी. एका मादीला दाखवलं की दुसरी मादी गुलाबीवाल्याशी जुळलीय, तर बघणारीही नंतर गुलाबीकडे झुकते. २००९ चं काम, पुढे २०१८ मध्ये त्याच गटाने अशी आवड पिढ्यांमागून पिढ्या टिकू शकते असं मांडलं. म्हणजे निवड नेहमी नराच्या गुणावरच असते असं नाही, शेजारणीने काय केलं यावरही असते.

उलटतपासणी
असे खमंग निकाल वाचताना हात जरा आखडता ठेवावा. २०१० मध्ये आलं होतं की वेगवेगळं अन्न खाणाऱ्या माश्या आपल्याच अन्नावर वाढलेला जोडीदार पसंत करतात आणि कारण पोटातले जिवाणू, प्रतिजैविक दिलं की पसंती गायब. सगळीकडे गाजलं. २०१७ मध्ये वर उल्लेख आलेल्या ट्रेसी चॅपमन यांच्या गटाने पुन्हा केलं तर तसं काही दिसलं नाही.

आकडेमोड
बरोबर, आणि जुन्या नावालाही भुलू नये. बेटमन यांचा १९४८ चा प्रयोग पाठ्यपुस्तकात जातो, नराला जोडीदार वाढले की पिल्लं वाढतात, मादीला तितका फरक पडत नाही म्हणून मादी चोखंदळ, इत्यादी. त्यांनी पिल्लू कोणाचं ते ठळक म्युटेशनवरून ओळखलं होतं. गोवाटी, किम आणि अँडरसन यांनी २०१२ मध्ये तशाच म्युटंट माश्या घेऊन पुन्हा केला, तेव्हा दिसलं की आई-बाप दोघांकडून एकेक म्युटेशन आलेली पिल्लं मोजायच्या आधीच जास्त मरतात. जी मेली ती हिशोबातच नाहीत. पाया असा डळमळीत. नियम चुकीचा ठरला असं नव्हे, त्या प्रयोगाने तो सिद्ध होत नाही.

निमिष, यातून तुला धडा असा की नर ओळखायला पांढऱ्या डोळ्यांचा म्युटंट वगैरे वापरू नकोस. त्या नरांना धड दिसत नाही, प्रणयाराधनात ते मार खातातच, मग तू मोजणार त्यांचं आंधळेपण.

निमिष
सगळं दोनदा वाचलं. पाच नरांचा आराखडा रद्द. आता असं केलं तर? एका व्हर्जिन मादीसोबत दोन नर सोडायचे आणि बघत बसायचं. जो जुळला तो 'पसंत', उरलेला 'नापसंत'. मग ती मादी बाजूला ठेवायची आणि हे दोन्ही नर वेगवेगळ्या नव्या व्हर्जिन माद्यांना एकेकटे द्यायचे, एकदाच समागम, लगेच नर बाहेर. मग या नव्या माद्यांची अंडी आणि माश्या मोजायच्या. म्हणजे पाठलाग दोन्हीकडे सारखाच कमी आणि मारामारीही नाही.

बाटलीतली_माशी
आता कसं! हे पहिल्यापेक्षा कितीतरी चांगलं. फक्त एक भोक आहे. 'पसंत' नराने नुकताच समागम केलेला असतो, त्याच्या सहायक ग्रंथी रिकाम्या झालेल्या असतात, 'नापसंत' भरलेला बसलाय. लगेच दुसरी मादी दिलीस तर पसंतवाला औषध कमी पाजणार आणि अंडी कमी दिसणार. म्हणून नापसंत नरालाही त्याच दिवशी एक जादाची मादी दे, तिचं काही मोजायचं नाही, आणि मग दोघांनाही एकेकटे ठेवून दोन-तीन दिवस विश्रांती. एकेकटेच ठेव, कारण शेजारी प्रतिस्पर्धी नर असला की नर पुढचा समागम लांबवतात, हे ब्रेटमन वगैरेंनी २००९ मध्ये दाखवलंय.

बाकी बारीकसारीक. नर निवडीच्या दिवशी गॅस देऊन बेशुद्ध करू नकोस, त्याने वागणं बिघडतं, तोंडाने ओढायच्या नळीने उचल. अळ्या वाढवताना प्रत्येक बाटलीत अंडी मोजून टाक, गर्दीत वाढलेले नर बुटके राहतात आणि मग तुझी पसंती-नापसंती म्हणजे नुसतं आकारमान होऊन बसतं. समागम साधारण पंधरा-वीस मिनिटं चालतो, त्यात व्हायल हलवायची नाही. दोन-चार मिनिटांतच सुटले तर ती जोडी बाद.

उलटतपासणी
आणि शीर्षकात 'मादीची निवड' लिहू नको, 'समागमात यशस्वी आणि अयशस्वी नर' लिही. दोन नर एकत्र होते म्हणजे ढकलाढकली होणारच.

बाटलीतली_माशी
यावर चक्क सहमत.

आकडेमोड
व्हायलवर 'पसंत' 'नापसंत' लिहून स्वतःच मोजायला बसू नकोस, दुसऱ्याकडून सांकेतिक आकडे घालून घे आणि शेवटी उघड. आधी थोड्या जोड्यांवर चाचणी कर, आकडे किती पसरतात ते बघ, मग किती माद्या लागतील ते ठरव. आणि फरक आला नाही तर तसंच लिही, कोणी मार्क कापणार नाही.

वसुधा
पण निमिष, तू नव्या माद्यांना नर वाटून देतोयस. त्यांनी तर निवडलेलाच नाही ना?

आकडेमोड
वसुधाताई, जबरदस्त पकडलंत. हा प्रयोग सांगेल की मादीला जिंकणारा नर कुठल्याही मादीला फायद्याचा असतो का. 'माझ्या आवडीचा मलाच फायद्याचा' हा प्रश्न वेगळा, जनुकांची जुळणी वगैरे तिथे येते. त्यासाठी निमिषने बाजूला ठेवलेली ती पहिली मादी, जिने स्वतः नर घेतला, तिचीही अंडी मोजावीत आणि त्याच नराच्या दुसऱ्या मादीशी ताडून बघावीत. निर्विवाद पुरावा नाही मिळणार, ती वयाने दोन-तीन दिवस पुढे असेल, शिवाय तिच्याभोवती दोन नर होते, पण दिशा कळेल.

निमिष
मोजतो मग तिचीही. शेवटचे दोन प्रश्न. एका समागमानंतर किती दिवस मोजायचं? आणि अंडी पांढरी, खाद्यही फिकट, डोळे फुटायची वेळ येते, काही युक्ती?

बाटलीतली_माशी
आठ-दहा दिवस पुरे. पुढे साठा आणि पेप्टाइड दोन्ही ओसरतात, आणि मादी निष्फळ अंडीही घालत राहते, म्हणून अंड्यांसोबत त्यातून किती माश्या बाहेर आल्या ते प्रत्येक दिवसाच्या व्हायलचं वेगळं लिही. मादी रोज एका ठरलेल्या वेळी नव्या व्हायलमध्ये टाकायची. आणि मोजण्यासाठी खाद्यात थोडी कोळशाची पूड किंवा गडद खाण्याचा रंग घाल, अंडी लख्ख दिसतात. वर यीस्टचा जाड थर देऊ नकोस, त्यात अंडी बुडतात. अंड्याला दोन बारीक शिंगं असतात श्वासाची, ती वर आलेली दिसली की सुईच्या टोकाने एकेक मोजत जा.